चोळी : अंग ओळखणारे वस्त्र

दोरीवर कपडे वाळत घालण्याचीही आपल्या घरांत एक रीत होती. लुगडे उन्हात ऐसपैस पसरायचे; चोळी-परकर मात्र त्याच्या आडोशाला. त्या आडोशामुळे एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटली. घरातल्या सगळ्या वस्त्रांत सर्वांत जास्त कसब लागे ते या चोळीलाच.

लुगड्याला शिवण नाही. ते कोणत्याही अंगावर नेसता येते. चोळी बेतावी लागते. कापड सपाट आणि अंग गोल. जुन्या बायका ही अडचण वीत-बोटांच्या मापाने सोडवत. छातीसाठी तुकडे तिरपे कापले की कापड ताणले जाऊन गोलाई घेते. काखेत छोटासा तुकडा जोडला की दळताना, पाणी शेंदताना, खुरपताना हात मोकळा उचलतो. पुढे बटण नाही, गाठ आहे. त्यामुळे तीच चोळी अंग भरले तरी चालते, बाळाला पाजतानाही सोयीची पडते. आत वेगळी बॉडी घालण्याची पद्धत येण्यापूर्वी आधार आणि आवरण ही दोन्ही कामे चोळी एकटीच करी.

तिच्यासाठी खास कापड विणले गेले. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण आपल्या सीमाभागात घरोघरी पोचलेला आहे. त्याची बारीक नक्षी मागावर विणतानाच उमटते आणि दोन्ही कडांना वेगळ्या रंगाचे काठ असतात. बेतणारीची कसोटी इथे लागते. काठ दंडावर आणि खालच्या पट्टीवर बरोबर यावा आणि कापडही वाया जाऊ नये.

बिदर-कलबुर्गीच्या तांड्यांवर हीच कल्पना वेगळ्या रूपात दिसते. लमाणी बाईची कांचळी पाठीवर उघडी असून बंदांनी बांधतात. पुढच्या भागावर आरसे, कवड्या आणि रंगीत टाके. आपण जे पदराखाली झाकले, ते तिने आरशांनी उजळले. बळ्ळारी जिल्ह्यातल्या संडूरच्या लमाणी भरतकामाला आज भौगोलिक मानांकन आहे.

चोळीचे नाते अंगाच्या सुखदुःखाशीही आहे. गरोदरपणाच्या सुरुवातीला आपल्याकडे गुपचूप ‘चोरचोळी’ देतात. उत्तर कर्नाटकात कन्नड घरांतल्या डोहाळजेवणालाच ‘कुबुस’ म्हणतात, आणि कुबुस म्हणजे चोळीच. ओटीत खण हवाच. भाषा दोन, पण बाईच्या देहात घडणारा बदल सांगायला दोघींनी एकच वस्त्र निवडले.

दूरच्या एका कलावतीचे उदाहरण इथे उपयोगी पडेल. लुईझ बूर्झ्वा (1911–2010) ही मूळची फ्रान्सची, पुढे न्यूयॉर्कला स्थायिक झालेली शिल्पकार. तिच्या आईवडिलांचा जुने विणलेले चित्रपट दुरुस्त करण्याचा व्यवसाय होता. उतारवयात, 1990 नंतरच्या दशकात, तिने जपून ठेवलेले स्वतःचे कपडे, अगदी अंतर्वस्त्रेसुद्धा, शिल्पांत वापरले. 1996 च्या एका कृतीत तिने असे कपडे जनावरांच्या हाडांवर टांगले आहेत. अंगावरून उतरलेले कापड त्या अंगाची आठवण धरून ठेवते, हे ती कृती पाहणाऱ्याला जाणवते. आपली जीर्ण चोळी गोधडीत जाते, तेव्हा आपणही नकळत तेच करत असतो.

प्रश्न आहे तो ज्ञानाचा. बटणांचा ब्लाउज आला, आत बॉडी आली, आणि चोळीचे काम दोघांत वाटले गेले. खण टिकला, पर्स, तोरणे आणि साड्यांत तो पुन्हा मिरवतो आहे. पण चोळी बेतण्याची विद्या कागदावर फारशी उतरली नाही. ती हातांत होती आणि ते हात आता थकले आहेत.

म्हणून भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांतल्या आपल्या कुटुंबांना एक विनंती. पेटीत आजीची चोळी असेल तर तिचा प्रत्येक तुकडा कागदावर आखून घ्या. कोणता तुकडा सरळ, कोणता तिरपा, काठ कुठे आला हे लिहा. प्रत्येक तुकड्याला आजी काय म्हणे, शेजारची कन्नड आजी काय म्हणे, तेही विचारा. हे शब्द कोशात उतरायचे तर आधी ते कुणाला तरी आडोशाबाहेर आणून मोकळेपणाने उच्चारावे लागतील.