जमिनीतला पैसा

रात्रीच्या वर्गात एकदा एका गृहस्थांनी आम्हांला विचारले, "गुरुजी, ज्या देशाच्या जमिनीत काही सापडतं तो श्रीमंत, अन् ज्याच्या जमिनीत काही नाही तो गरीब. असंच ना?" त्यांची साडेतीन एकर जमीन नव्या रस्त्यात गेली होती. मोबदल्याचा पैसा नुकताच बँकेत जमा झाला होता. प्रश्न विचारताना त्यांच्या मनात देश होते की स्वतःचे घर, ते आम्ही विचारले नाही.

भिंतीवरच्या नकाशावर आम्ही त्यांना दोन देश दाखवले. पहिला चटकन सापडला. दुसरा शोधायला चष्मा पुसावा लागला. दोन्ही देशांच्या जमिनीत धन निघाले. एक देश १९६६ साली स्वतंत्र झाला, दुसरा १९६८ साली. म्हणजे दोघांनी संसार जवळजवळ एकदमच मांडला. पुढे काय झाले ते आता सांगतो.

चष्मा लावून शोधावा लागला तो देश आधी घेऊ. त्याचे नाव नाउरू. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला, भर महासागरात हे एकटे बेट आहे. सारा देश मिळून २१ चौरस किलोमीटर. आपल्याकडे एखाद्या मोठ्या गावाची शीव एवढी असते. बेटाभोवतीचा रस्ता सायकलवाला दोन तासांत सहज पुरा करील. आज तेथे सुमारे १२ हजार माणसे राहतात.

या बेटाच्या मधल्या उंचवट्यावर फॉस्फेटचा दगड होता. फॉस्फेट म्हणजे काय ते शेतकऱ्याला सांगायला नको. सुपर फॉस्फेटची पोती तुम्ही पाठीवर वाहिली आहेत. पिकाला लागणारे स्फुरद त्यातूनच मिळते. हजारो वर्षे समुद्रपक्ष्यांची विष्ठा बेटावर साचली, चुनखडीत मुरली आणि तिचा हा दगड झाला, असे सांगतात. तो सापडला कसा, तीही गंमत ऐका. सिडनी शहरात एका कंपनीच्या कचेरीत दार वाऱ्याने लागू नये म्हणून नाउरूहून आणलेला एक दगड लावून ठेवला होता. आल्बर्ट एलिस नावाच्या कामगाराला १८९९ च्या सुमारास त्याचा संशय आला. त्याने दगड तपासला. तो उत्तम प्रतीचा फॉस्फेट निघाला. दाराची अडण म्हणून पडलेला दगड, आणि त्यात एका बेटाचे दैव!

१९०७ पासून जहाजे भरभरून माल जाऊ लागला. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटन या तिघांनी मिळून खाण चालवली. त्या दोन देशांतल्या शेतकऱ्यांना खत स्वस्तात मिळाले. बेटावरच्या लोकांच्या हाती चिल्लर पडली. १९६४ साली ऑस्ट्रेलियाने त्यांना सुचवले की, तुमचे बेट तर खणून संपणार, तुम्ही सगळेच आमच्या एका बेटावर राहायला या. लोकांनी नाही म्हटले. १९६८ च्या ३१ जानेवारीला ते स्वतंत्र झाले. २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून खाण विकत घेतली, आणि १९७० पासून ती त्यांची स्वतःची झाली.

मग पैसा आला. नदीला पूर यावा तसा आला. माणशी उत्पन्न पाहिले तर हे इवलेसे बेट जगातल्या अगदी वरच्या देशांत जाऊन बसले. कर नाही. शाळा फुकट, दवाखाना फुकट. खाणीत राबायला बाहेरच्या बेटांवरून आणि चीनकडून मजूर येत. घरचे लोक मासेमारी आणि नारळीच्या बागा विसरले. तांदूळ, डबाबंद मांस, साखर, सारे जहाजातून येऊ लागले. बसून खाणे आणि डब्यातले खाणे यांनी मधुमेह घरोघर शिरला. आजही जगात मधुमेहाचे प्रमाण फार असलेल्या देशांत नाउरूची गणना होते.

वाचकहो, त्या लोकांना अक्कल नव्हती असे समजू नका. खाण एक दिवस सरणार हे त्यांना चांगले ठाऊक होते. म्हणून त्यांनी फॉस्फेटच्या पैशाचा एक ट्रस्ट काढला होता. त्यात एक अब्जाहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर साठले. आपल्या भाषेत, शंभर कोटींहून जास्त. विचार नेटका होता. घात झाला तो व्यवहारात. १९७७ साली मेलबर्न शहरात त्यांनी ५२ मजली इमारत उभी केली. दूरदूर हॉटेले घेतली. एवढ्याशा देशाने पाच-सात विमाने बाळगली, आणि ती पुष्कळदा रिकामीच उडत. १९९३ साली लंडनमध्ये एका संगीत नाटकात पैसा घातला. ते काही आठवड्यांत बंद पडले. संगीत नाटकाची आवड आम्हांलाही आहे. पण सबंध देशाचे बियाणे त्यात पेरायचे म्हणजे कमाल झाली. ट्रस्टचा हिशेब लोकांपुढे नीट येत नसे. फॉस्फेट कमी झाले, तरी खर्च उतरला नाही. मग कर्ज काढले, आणि त्यासाठी ट्रस्टचीच मालमत्ता गहाण टाकली.

पुढचे तुम्ही ओळखलेच असेल. गहाणवटाचा शेवट काय होतो ते गावात कोणाला माहीत नाही? २००४ साली ती मेलबर्नची इमारत कर्जापायी विकली गेली. २००५ च्या डिसेंबरात उरलेले एकुलते एक विमानही धनकोंनी नेले. बँकेत रोकड नाही, नोकरांना महिनोन्‌महिने पगार नाही, अशी वेळ आली. त्याआधी २००१ साली ऑस्ट्रेलियाने विचारले होते की, आमच्याकडे नावेतून आश्रयाला येणारी माणसे तुमच्या बेटावर ठेवू का, आम्ही पैसे देऊ. नाउरूने होकार दिला. दुसऱ्याच्या दारच्या निर्वासितांना कोंडून ठेवण्याचे भाडे घेऊन देशाचा संसार चालवायचा! आम्ही त्या बेटाला दोष देत नाही. चूल पेटवायची तर काहीतरी विकावे लागते, आणि विकण्यासारखे दुसरे काही उरले नव्हते.

आता दुसरा देश. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातला बोत्स्वाना. हा आकाराने प्रचंड, आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. पण बहुतेक मुलूख कलहारीचे वाळवंट. समुद्र नाही, मोठा पाऊस नाही. पावसाचे मोल तेथे इतके की देशाच्या नाण्याचे नावच 'पुला' आहे. पुला म्हणजे पाऊस. १९६६ च्या ३० सप्टेंबरला इंग्रजांचा अंमल संपला, तेव्हा सबंध देशात डांबरी रस्ता होता १२ किलोमीटर! पदवीधर माणसे २२. राजधानीदेखील देशात नव्हती. इंग्रज अधिकारी सरहद्दीपलीकडच्या एका गावातून कारभार हाकत. गाबोरोने ही नवी राजधानी स्वातंत्र्याच्या तोंडावर घाईने बांधावी लागली. त्यातच दुष्काळ. गुरे हाच तिथल्या लोकांचा पैसा, आणि गुरे तर पाण्यावाचून मरत होती. जगातल्या अगदी गरीब देशांत त्याचे नाव होते.

तेथील पहिले अध्यक्ष सेरेत्से खामा. हे त्या देशातल्या बामांग्वाटो या मोठ्या जमातीच्या राजगादीचे वारस. शिक्षणासाठी इंग्लंडला गेले असता त्यांनी १९४८ साली रूथ विल्यम्स या गोऱ्या मुलीशी लग्न केले. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत काळ्या-गोऱ्यांचे लग्न हा तेव्हा महापराध मानत. त्या शेजाऱ्याची मर्जी राखायला इंग्रज सरकारने खामांना देशाबाहेर ठेवले. गादीवरचा हक्क सोडला, तेव्हा कुठे १९५६ साली त्यांना घरी येऊ दिले.

१९६७ साली ओरापा येथे हिरे सापडले. आता नीट लक्ष द्या. ही जागा खामांच्याच जमातीच्या मुलुखात होती. चालीप्रमाणे जमिनीखालचे धन त्या त्या जमातीचे. खामांनी मनात आणले असते तर त्यांची जमात गबर झाली असती, आणि बाकीच्या जमाती हात चोळीत बसल्या असत्या. मग भांडणे, मग बंदुका. आफ्रिकेत दुसरीकडे असे झाले आहे. पण त्याच १९६७ साली बोत्स्वानाने कायदा केला की, जमिनीखालचे धन कोणा एका जमातीचे नाही, सगळ्या देशाचे. हे त्यांनी जमातींच्या प्रमुखांना पटवून घेतले. त्या देशात आपल्या ग्रामसभेसारखी एक जुनी रीत आहे. तिला 'कगोत्ला' म्हणतात. गावकरी गोल बसतात आणि प्रमुखापुढे मनातले उघड बोलतात. तोंडावर बोलायची अशी सवय असली, म्हणजे तिजोरीवर नजर ठेवणेही थोडे सोपे जाते.

हिरे काढायला बाहेरची बडी कंपनी लागली. खाणीत सरकारची पाती सुरुवातीला शंभरात १५ होती. पण खाणीत माल किती आहे ते कळल्यावर सरकार पुन्हा बोलणी करायला बसले, आणि १९७५ साली पाती निम्मी करून घेतली. शिवाय कर वेगळा. १९८२ साली ज्वानेंगची खाण सुरू झाली. मालाच्या किमतीने पाहिले तर हिऱ्यांची जगातली सर्वांत मोलाची खाण तीच.

पैसा आला तो कुठे गेला? रस्ते, कूपनलिका, शाळा, दवाखाने. काही वर्षांची योजना आधी लोकसभेपुढे मांडायची आणि त्याबाहेर खर्च करायचा नाही, असा दंडक ठेवला. हिऱ्यांचा पैसा म्हणजे जमिनीतून काढलेले मुद्दल, तो रोजच्या पगारपाण्यात जाऊ नये, त्यातून टिकाऊ काही उभे राहावे, असे धोरण ठेवले. १९९४ पासून 'पुला फंड' नावाची ठेव निराळी केली. स्वातंत्र्यानंतरची तीसएक वर्षे हा देश इतक्या वेगाने वाढला की, जगात त्याच्याशी बरोबरी करणारे फार थोडे. आज तेथे सरासरी माणशी उत्पन्न आपल्या देशाच्या दुपटीहून अधिक आहे.

म्हणून तेथे सगळे गोकुळ आहे असे मात्र नाही. सरासरीत श्रीमंत आणि गरीब एकाच पोत्यात भरले जातात. बोत्स्वानात गरीब-श्रीमंतांतले अंतर फार मोठे आहे आणि तरुणांना काम मिळत नाही. कलहारीतल्या मूळच्या सान लोकांना सरकारने त्यांच्या रानातून हलवले. २००६ साली कोर्टाने ते बेकायदा ठरवले. एड्सच्या साथीने तर देशाची कंबरच मोडली होती. २००० सालाच्या सुमारास दर चार प्रौढांमागे एकाहून अधिक माणसांना ही लागण होती. पण तिजोरीत पैसा होता. २००२ पासून सरकारने औषध फुकट द्यायला सुरुवात केली. असे करण्यात आफ्रिकेत ते आघाडीवर होते. हजारो घरांतला कर्ता माणूस वाचला. ठेव असण्याचा उपयोग आम्हांला येथे सगळ्यांत जास्त दिसतो.

चूक झाली ती दुसरीकडे. इतकी वर्षे जाऊनही देश एकाच पिकावर राहिला. परदेशी जाणाऱ्या मालात शंभरातले ऐंशी रुपये हिऱ्यांचेच. आणि आता हिरे कारखान्यात होऊ लागले आहेत. आपल्या शेजारी सुरतेतच ते यंत्रात तयार होतात. दिसायला हुबेहूब, किमतीला कितीतरी कमी. २०२३ पासून खाणीतल्या हिऱ्याची मागणी पडली, आणि बोत्स्वानाची तिजोरी आटली. २०२४ च्या निवडणुकीत, स्वातंत्र्यापासून ५८ वर्षे राज्य करणारा पक्ष हरला. सत्ता गडबड न होता दुसऱ्याच्या हाती गेली, ही जमेची बाजू. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारी दवाखान्यांत औषधे कमी पडून नव्या अध्यक्षांना आणीबाणी पुकारावी लागली. ज्या देशाने एड्सचे औषध फुकट वाटले, त्याच देशात ही वेळ यावी! साठवलेले धान्य आधीच्या वाईट वर्षांत बरेच उपसले गेले होते.

नाउरूही अगदी आडवे पडून राहिलेले नाही. त्याच्या आसपासच्या समुद्रात ट्यूना मासा पुष्कळ. परदेशी बोटींनी तेथे मासे धरायचे तर दिवसाप्रमाणे पैसे भरावे लागतात. त्यातून बरे उत्पन्न येते. २०१५ साली त्यांनी नवी ठेव उघडली. यावेळी त्यात दुसऱ्या देशांचाही पैसा आहे आणि देखरेखही आहे. ठरलेल्या मुदतीपर्यंत मुद्दलाला हात लावायचा नाही, असे लिहून ठेवले आहे.

हे सारे सांगून झाल्यावर आम्हांला वाटले, आमचे गृहस्थ आता बँकेचे काही विचारतील. पण शेतकरी तो शेतकरी. त्यांनी विचारले, "गुरुजी, त्या बेटावर पुन्हा माती घालता येईल का?"

प्रश्न बरोबर होता. बेटाची शंभरातली ऐंशी भाग जमीन खणून झाली आहे. फॉस्फेट काढल्यावर मागे प्रवाळाचे सुळके राहिले, माणसाहून उंच, दातांसारखे. त्यांवर नांगर चालत नाही, घर बांधता येत नाही. लोक किनाऱ्याच्या अरुंद पट्टीवर दाटीने राहतात. समुद्र चढू लागला तर सरकून वर जायला जागा पाहिजे, म्हणून सुळके फोडून जमीन सपाट करण्याची खटपट चालू आहे. आधीच्या खाणकामाने झालेल्या नुकसानीसाठी नाउरूने १९८९ साली ऑस्ट्रेलियाला जागतिक न्यायालयात खेचले होते, आणि १९९३ साली तडजोडीत १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. तेवढ्यातून काम थोडेच झाले. जागा सपाट झाली तरी माती बाहेरून आणावी लागणार.

"मग त्यांची माती गेली कुठं?" ते म्हणाले.

आम्ही नकाशावर बोट ठेवून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड दाखवले. तिथल्या गव्हाच्या शेतांत आणि गाईंच्या कुरणांत ती कधीच पेरली गेली आहे.