आयगर उत्तर भिंत दुर्घटना (१९३६)

आयगर उत्तर भिंत दुर्घटना ही स्वित्झर्लंडमधील आयगर पर्वतावर १८ ते २२ जुलै १९३६ या काळात घडलेली गिर्यारोहण दुर्घटना होय. तोपर्यंत कोणीही सर न केलेल्या उत्तर भिंतीवर चढाईसाठी गेलेले आंद्रेआस हिंटरश्टॉयसर व टोनी कुर्त्स हे जर्मन आणि विली आंगरर व एडी रायनर हे ऑस्ट्रियन गिर्यारोहक माघारी उतरताना मृत्युमुखी पडले. तीन सहकाऱ्यांच्या मृत्यूनंतर कुर्त्स हा दोराला लटकलेल्या अवस्थेत एक संपूर्ण रात्र जिवंत राहिला. दुसऱ्या दिवशी सुटकेसाठी आलेले स्विस वाटाडे त्याच्यापासून काही मीटर अंतरावर असताना दोन दोर जोडणारी गाठ त्याच्या कॅराबिनरमध्ये अडकली आणि तेथेच त्याचा अंत झाला. चढताना परतीची वाट मोकळी ठेवणे आणि उभ्या कड्यावरून माणसाची सुटका करणे या दोन्ही बाबतींत ही दुर्घटना गिर्यारोहणाच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते.

भौगोलिक पार्श्वभूमी

आयगर (उंची ३,९६७ मीटर) हे बर्न प्रांतातील आल्प्स पर्वतरांगेतील शिखर आहे. त्याची उत्तर भिंत सुमारे १,८०० मीटर उंच असून ती ग्रिंडेलवाल्ड गावाच्या दिशेने उभी आहे. चुनखडीच्या खडकाची ही भिंत मध्यभागी आत वळलेली असून बराच काळ सावलीत राहते. तिच्यावर एकाखाली एक अशी हिमक्षेत्रे आहेत. दिवसा वरच्या भागातील बर्फ सैल झाला, की त्यात अडकलेले दगड सुटून खालच्या हिमक्षेत्रांवर कोसळतात. हवामान बिघडल्यास पावसाचे पाणी खडकावर गोठते आणि पूर्ण भिंतीवर बर्फाचा पातळ, काचेसारखा थर चढतो. अशा थरात मेख ठोकता येत नाही आणि पायही टिकत नाही.

या भिंतीचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे युंगफ्राउ रेल्वेचा बोगदा आयगरच्या पोटातून जातो. बोगदा खोदताना निघालेला दगड बाहेर टाकण्यासाठी भिंतीत पाडलेली दारे पुढेही कायम राहिली. त्यांपैकी एका दारातून थेट भिंतीच्या खालच्या भागावर बाहेर पडता येते. पायथ्याजवळील क्लाईन शायडेग येथील हॉटेलांमधून पर्यटकांना दुर्बिणीने गिर्यारोहकांची प्रत्येक हालचाल दिसत असे. त्यामुळे १९३६ची दुर्घटना अनेकांच्या डोळ्यांसमोर घडली.

आधीचे प्रयत्न

आयगरचे शिखर १८५८ मध्ये आयर्लंडचा चार्ल्स बॅरिंग्टन याने ख्रिस्तियान आल्मर व पेटर बोरेन या वाटाड्यांसह पश्चिमेच्या बाजूने सर केले होते. उत्तर भिंत मात्र विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत अजिंक्य राहिली. ऑगस्ट १९३५ मध्ये म्युनिकचे माक्स सेडलमायर व कार्ल मेरिंगर हे दोघे भिंतीच्या मध्यापर्यंत पोहोचले. परंतु वादळात सापडून गोठून मरण पावले. सुमारे ३,३०० मीटर उंचीवरील त्यांच्या अखेरच्या मुक्कामाची जागा तेव्हापासून ‘मृत्यूचा मुक्काम’ या अर्थाच्या नावाने ओळखली जाते. जर्मन भाषेत उत्तर भिंतीला ‘नॉर्डवांड’ म्हणतात. त्यावर शब्दच्छल करून वृत्तपत्रांनी तिला ‘मोर्डवांड’, म्हणजे ‘खुनी भिंत’, असे नाव दिले.

गिर्यारोहक व साधने

टोनी कुर्त्स (वय २३) हा बव्हेरियातील बेर्श्टेसगाडेनचा, तर हिंटरश्टॉयसर (वय २१) हा बाड रायशेनहालचा होता. दोघेही जर्मन लष्कराच्या पर्वतीय तुकडीत होते व प्रस्तरारोहणात निष्णात मानले जात. आंगरर व रायनर ही स्वतंत्र जोडी होती. दोन्ही जोड्या वेगवेगळ्या निघाल्या आणि भिंतीवर गेल्यावर त्यांनी एकत्र चढण्याचे ठरविले.

त्या काळातील दोर तागासारख्या वनस्पतिज धाग्यांचे, पीळ घातलेले असत. भिजल्यावर ते फुगत आणि थंडीत लाकडासारखे ताठ होत. नायलॉनचे दोर दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आले. कंबर व मांड्यांना आधार देणारे आजचे हार्नेस तेव्हा नव्हते, दोर थेट शरीराभोवती बांधला जाई. डोक्यावर शिरस्त्राण घालण्याचीही पद्धत नव्हती. माणूस दोरावर लटकत राहिला, तर त्याचा सारा भार छातीवर येत असे.

चढाई

१८ जुलै रोजी चौघांनी चढाई सुरू केली. ‘रोटे फ्लू’ या तांबूस, सरळसोट कड्याखाली पुढचा मार्ग बंद झाला. तेथून डावीकडील पहिल्या हिमक्षेत्राकडे जाण्यासाठी गुळगुळीत, तीव्र उताराचा खडक आडवा पार करणे आवश्यक होते. हिंटरश्टॉयसरने वरच्या बाजूला पक्क्या केलेल्या दोराचा ताण घेत, त्यावर रेलून आडवे सरकत हा टप्पा ओलांडला. आज ही जागा ‘हिंटरश्टॉयसर ट्रॅव्हर्स’ या नावाने ओळखली जाते आणि आयगरच्या उत्तर भिंतीवरील मूळ मार्ग येथूनच जातो.

हिंटरश्टॉयसरने बांधलेल्या दोराच्या आधारे बाकीचे तिघे पलीकडे आले. त्यानंतर दोर ओढून घेण्यात आला. वर अजून मोठी चढाई शिल्लक होती आणि तीत दोराची गरज पडणार होती, त्यामुळे त्या वेळी हा निर्णय स्वाभाविक होता. परंतु त्यामुळे परतीची वाट बंद झाली.

पुढे चढत असताना वरून आलेला दगड आंगररच्या डोक्याला लागला. १९ जुलै रोजी चौघे दुसऱ्या हिमक्षेत्रावरून चढत राहिले. पण त्यांचा वेग खूपच मंदावला होता. २० जुलै रोजी आंगररला पुढे नेणे अशक्य झाले, तेव्हा चौघांनीही माघार घेण्याचे ठरविले. जखमी सहकाऱ्याला सांभाळत हिमक्षेत्रे उतरण्यात तो दिवस गेला आणि तिसरी रात्रही त्यांना उघड्या कड्यावरच काढावी लागली.

माघार व अपघात

२१ जुलै रोजी ते आडव्या टप्प्यापाशी परत आले. दरम्यान हवामान बिघडून खडकावर बर्फाचा थर चढला होता. येताना हिंटरश्टॉयसर वरच्या दोराच्या आधाराने खाली व बाजूला सरकला होता, परतताना त्या दिशेने आधार घेण्यासाठी कोणतीच सोय नव्हती. बराच वेळ प्रयत्न करूनही त्याला टप्पा ओलांडता आला नाही. अखेर थेट खाली, उलट्या झुकलेल्या कड्यांवरून रॅपलिंग करत उतरण्याचा एकच पर्याय उरला.

याच सुमारास बोगद्यातील रेल्वे कर्मचारी आल्बर्ट फॉन आल्मेन याने दारातून बाहेर येऊन हाक दिली. सर्व ठीक असून आपण उतरत आहोत, असे उत्तर वरून आले. चौघे लवकरच खाली पोहोचतील, या अपेक्षेने त्याने चहा तयार ठेवला. बराच वेळ कोणी न आल्याने तो पुन्हा बाहेर आला, तेव्हा त्याला मदतीसाठी चाललेला आक्रोश ऐकू आला. आवाज एकट्या कुर्त्सचा होता.

मधल्या काळात काय घडले, हे कुर्त्सने नंतर वाटाड्यांना ओरडून सांगितलेल्या माहितीवरून कळते. वरून आलेल्या लोटाने चौघांना गाठले. हिंटरश्टॉयसर दोरापासून सुटा असल्याने सरळ पायथ्याशी कोसळला. आंगरर खाली पडून दोरावर मृतावस्थेत लटकला. या ताणाने रायनर वरच्या मेखेपाशी खेचला गेला व तेथेच मरण पावला. वर एक मृत सहकारी आणि खाली दुसरा, अशा दोराच्या मधोमध कुर्त्स जिवंत लटकत राहिला.

बचावकार्य

२१ जुलै

अशा भिंतीवर बचावासाठी जाण्याची सक्ती वाटाड्यांवर करता येणार नाही, अशी स्थानिक वाटाड्यांची भूमिका होती. तरीही संदेश मिळताच हान्स श्लुनेगर, ख्रिस्तियान रूबी व आडोल्फ रूबी हे तिघे स्वेच्छेने निघाले. रेल्वेने बोगद्यात पोहोचून ते दारातून भिंतीवर उतरले आणि बर्फाळलेल्या खडकावरून आडवे जात कुर्त्सच्या खाली, हाकेच्या अंतरावर पोहोचले. मध्ये उलटा झुकलेला कडा असल्याने त्यांना वर चढता येत नव्हते. अंधार पडू लागल्यावर दुसऱ्या दिवशी परत येण्याचे ठरवून ते मागे फिरले. आपल्याला सोडून जाऊ नये, म्हणून कुर्त्सने त्यांना आर्जवे केली. वाटाडे बोगद्यात परतेपर्यंत त्याच्या हाका त्यांच्या कानांवर येत होत्या.

ती कुर्त्सची कड्यावरील चौथी रात्र होती. त्याचा एक हातमोजा हरवला होता आणि तो हात गोठून निकामी झाला.

२२ जुलै

सकाळी आर्नोल्ड ग्लाटहार्ड या चौथ्या वाटाड्यासह ते परतले, तेव्हा कुर्त्स अजून बोलत होता. वाटाड्यांकडून वर दोर पोहोचविणे शक्य झाले नाही. त्यामुळे कुर्त्सनेच वरून काहीतरी खाली सोडावे, असे ठरले. त्याच्याकडे तेवढ्या लांबीचा दोर नव्हता. वाटाड्यांच्या सूचनेनुसार त्याने आधी खाली लटकलेल्या आंगररच्या देहाचा दोर कापला, मग वर चढून रायनरकडे जाणारा दोर कापला. हाती आलेल्या दोराचा गोठलेला पीळ एका हाताने आणि दातांनी उलगडून त्याने त्याचे पदर वेगळे केले व ते एकमेकांना जोडले. या कामाला त्याला सुमारे पाच तास लागले.

अखेर ती बारीक दोरी खाली आली. वाटाड्यांनी तिला दोर, मेखा, हातोडा व कॅराबिनर बांधून दिले. दोर अपुरा पडत असल्याचे लक्षात येताच त्यांनी त्याला दुसरा दोर जोडला. कुर्त्सने तो वर ओढून बांधला आणि कॅराबिनरमधून दोर सोडत तो सावकाश खाली येऊ लागला. वाटाडे त्याला पाहू शकत होते. काही मीटर अंतर उरले असताना दोन दोर जोडणारी गाठ कॅराबिनरपाशी आली व तेथेच अडकली. ती पार करण्यासाठी त्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, वाटाडेही त्याला धीर देत राहिले. शेवटी आपल्याच्याने आता होत नाही, असे सांगून तो पुढे झुकला आणि निष्प्राण झाला.

कारणमीमांसा

या दुर्घटनेच्या चर्चेत आडव्या टप्प्यावरून काढून घेतलेला दोर हा नेहमी मध्यवर्ती मुद्दा राहिला आहे. दोर तेथे ठेवला असता, तर बर्फाळलेल्या खडकावरूनही परतण्याचा मार्ग राहिला असता. आंगररला झालेली इजा, त्यामुळे मंदावलेली चाल, माघार घेण्यास झालेला उशीर आणि बिघडलेले हवामान ही अन्य कारणे होत. यांपैकी कोणतेही एक कारण एरवी प्राणघातक ठरलेच असते असे नाही. ती सर्व एकाच ठिकाणी, परतीची वाट नसताना एकत्र आली.

कुर्त्सचा मृत्यू मात्र तांत्रिकदृष्ट्या वेगळा विचार करण्याजोगा आहे. दोरावरून उतरताना शरीराचा भार दोरावर असतो. मध्ये गाठ आली, तर ती कॅराबिनरमधून ओढून काढता येत नाही, आधी दोरावरील भार हलवावा लागतो. त्यासाठी गाठीच्या वर दोराला दुसऱ्या दोरीचा आवळ फास लावून त्यावर उभे राहायचे, मोकळा झालेला कॅराबिनर गाठीखाली पुन्हा बसवायचा आणि मग भार परत त्यावर घ्यायचा, अशी पद्धत आहे. या कामास उपयोगी पडणारी प्रुसिक गाठ १९३१ पासून ज्ञात होती. परंतु दोन्ही हात चालणे आणि अंगात थोडी शक्ती शिल्लक असणे, या त्यासाठीच्या किमान गरजा होत. चार रात्री कड्यावर काढलेल्या, अधांतरी लटकलेल्या आणि एकच हात चालत असलेल्या कुर्त्सपाशी यांपैकी काहीच उरले नव्हते. गाठ पार करणे हा आज गिर्यारोहण प्रशिक्षणाचा भाग असून, तंत्र शिकविताना या घटनेचा दाखला दिला जातो.

परिणाम

दुर्घटनेनंतर बर्न प्रांताच्या शासनाने उत्तर भिंतीवरील चढाईस बंदी घातली. ती फार काळ टिकली नाही. १९३७ मध्ये माटियास रेबिच व लुडविग फ्योर्ग यांनी भिंतीवर मोठी मजल मारली आणि हवामान बिघडताच माघार घेतली. त्यांनी आडव्या टप्प्यावर दोर बांधून ठेवला होता. त्याच वाटेने दोघेही सुखरूप परतले.

२१ ते २४ जुलै १९३८ या काळात आंडर्ल हेकमायर, लुडविग फ्योर्ग, हाइनरिख हारर व फ्रिट्झ कास्पारेक यांनी उत्तर भिंत प्रथम सर केली. हारर पुढे नंगा पर्वताच्या मोहिमेवर असताना दुसऱ्या महायुद्धामुळे ब्रिटिशांच्या कैदेत पडला. डेहराडूनच्या छावणीतून निसटून तो तिबेटला गेला.

बचावतंत्रातील बदल ऑगस्ट १९५७ मध्ये याच भिंतीवर दिसून आला. इटलीचा क्लाउडिओ कोर्टी वरच्या भागात अडकला असता विविध देशांच्या गिर्यारोहकांनी शिखरावरून पोलादी तार सोडली. या तारेवरून आल्फ्रेड हेलेपार्ट खाली उतरला व कोर्टीला पाठीवर घेऊन वर आला. १९३६ मध्ये वाटाडे खालून पोहोचू शकले नव्हते. येथे सुटका वरून झाली आणि अडकलेल्या माणसाला स्वतः काहीच करावे लागले नाही. मात्र कोर्टीचा सहकारी स्टेफानो लाँगी याच्यापर्यंत मदत पोहोचू शकली नाही व तो भिंतीवरच मरण पावला. १९७०च्या दशकापासून या भिंतीवरील बचावासाठी हेलिकॉप्टरचा वापर होऊ लागला.

साहित्य व चित्रपट

हारर याने आयगरच्या उत्तर भिंतीचा इतिहास ‘पांढरा कोळी’ या अर्थाचे शीर्षक असलेल्या जर्मन पुस्तकात लिहिला असून त्यात १९३६च्या दुर्घटनेचे सविस्तर वर्णन आहे. भिंतीच्या वरच्या भागातील कोळ्याच्या आकाराच्या हिमक्षेत्रावरून हे शीर्षक घेतले आहे. ब्रिटिश गिर्यारोहक जो सिम्पसन याचा सहभाग असलेला ‘द बेकनिंग सायलेन्स’ (२००७) हा माहितीपट आणि फिलिप श्टोल्झल दिग्दर्शित ‘नॉर्डवांड’ (२००८) हा जर्मन चित्रपट या घटनेवर आधारित आहेत. चित्रपटातील काही पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत.