विश्लेषण : परदेशात गाडी चालवायची आहे? तयारी नंदुरबारच्या आरटीओपासूनच

शिक्षण किंवा नोकरीसाठी परदेशी निघालेल्या तरुणाच्या यादीत पासपोर्ट, व्हिसा, गरम कपडे आणि घरचा मसाला ठरलेला असतो. गाडीचे लायसन्स यादीत शेवटी येते, अनेकदा येतच नाही. तिकडे गेल्यावर मात्र कामावर जायला, किराणा आणायला गाडीशिवाय भागत नाही, असे लक्षात येते. तोवर नंदुरबारचे उपप्रादेशिक परिवहन कार्यालय (एमएच-३९) हजारो किलोमीटर दूर राहिलेले असते. म्हणूनच निघण्यापूर्वी काय करावे आणि तिथे पोहोचल्यावर काय, हे समजून घेणे गरजेचे आहे.

आपले लायसन्स परदेशात चालते का?

बऱ्याच देशांत चालते, पण ठरावीक काळापुरतेच. ब्रिटनमध्ये रहिवासी झाल्यापासून १२ महिने, जर्मनीत ६ महिने, तर कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात स्थायिक होण्यासाठी आलेल्यांना ६० दिवस भारतीय परवान्यावर गाडी चालवता येते. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्ती ६ महिन्यांहून अधिक काळ राहिल्यास तिला स्थानिक परवाना घ्यावा लागतो. संयुक्त अरब अमिरातीत पर्यटकाला आंतरराष्ट्रीय परवाना चालतो. निवासी व्हिसा मिळाल्यावर मात्र तिथलाच परवाना लागतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. त्यामुळे ‘मित्राला चालले, मलाही चालेल’ हा हिशेब इथे कामाचा नाही.

आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे नेमके काय?

हा स्वतंत्र परवाना नाही. मूळ परवान्यातील माहिती परदेशी पोलिसांना आणि गाडी भाड्याने देणाऱ्यांना समजावी, यासाठी दिलेले ते अधिकृत भाषांतर आहे. १९४९ च्या जिनिव्हा रस्ते वाहतूक करारानुसार भारत तो देतो. सोबत मूळ लायसन्स नसेल, तर त्याचा उपयोग नाही. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल, तर तोही त्याच दिवशी संपतो. देशभरातील या परवान्यांचा नमुना, आकार आणि रंग एकसारखा असावा, यासाठी केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये अधिसूचना काढली. त्यानुसार त्यावर क्यूआर कोडही असतो.

नंदुरबारमध्ये तो कसा मिळतो?

अर्जदार ज्या भागात राहतो, तिथल्या आरटीओकडे अर्ज करावा लागतो. त्यासाठी ‘परिवहन’ संकेतस्थळावरील ‘सारथी’ सेवेत ‘नमुना ४-अ’ भरावा लागतो. चालू असलेले भारतीय लायसन्स आणि पासपोर्ट हवा. शुल्क १ हजार रुपये आहे. पूर्वी वैद्यकीय प्रमाणपत्र आणि वैध व्हिसाही मागितला जाई. जानेवारी २०२१ मधील केंद्राच्या अधिसूचनेने या दोन्ही अटी काढल्या. त्यामुळे व्हिसा हाती येण्याची वाट न पाहता अर्ज करता येतो.

धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या दुर्गम पाड्यांवरून नंदुरबारला यायचे म्हणजे घाट उतरून अख्खा दिवस मोडतो. कागदपत्रांतील नाव, जन्मतारीख आणि पत्ता घरीच ताडून पाहिला, तर दुसरी फेरी वाचते. पासपोर्टवर आडनाव आधी आणि लायसन्सवर नाव आधी, असा फरक असल्यास तो निघण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्यावा. नवापूरच्या सीमाभागात काहींचे लायसन्स गुजरातच्या पत्त्यावर असते. त्यांनीही राहत्या पत्त्याची बाब आधी मार्गी लावावी.

फक्त दुचाकीचे लायसन्स असेल तर?

सर्वाधिक फसगत होते ती इथे. आंतरराष्ट्रीय परवान्यावर तेच वाहन प्रकार येतात, जे मूळ लायसन्सवर आहेत. मोटारसायकलच्या लायसन्सवर परदेशात कार चालवता येत नाही. कारचा प्रकार वाढवून घ्यायचा तर आधी लर्निंग लायसन्स काढावे लागते. त्यानंतर किमान ३० दिवस थांबून पक्क्या लायसन्सची चाचणी द्यावी लागते. म्हणून कारचे लायसन्स निघण्याच्या दोन-तीन महिने आधी काढावे. आंतरराष्ट्रीय परवाना मात्र प्रवास जवळ आल्यावरच घ्यावा, कारण त्याचे एक वर्ष विमान सुटल्यापासून नव्हे, तर परवाना दिल्याच्या तारखेपासून मोजले जाते.

तात्पुरत्या व्हिसावर तिथला परवाना मिळतो का?

मिळतो, पण त्याची मुदत अनेकदा व्हिसाला बांधलेली असते. अमेरिकेत २००५ च्या ‘रिअल आयडी’ कायद्यानुसार तात्पुरत्या मुक्कामावर असलेल्यांचा परवाना मुक्कामाची परवानगी असेपर्यंतच वैध राहतो. मुक्कामाची अखेरची तारीख निश्चित नसेल, तर तो एक वर्षासाठी मिळतो. मुदत वाढवताना मुक्काम वाढल्याचा पुरावा द्यावा लागतो. नोकरी नसलेल्या विद्यार्थ्याला तिथला सामाजिक सुरक्षा क्रमांक मिळत नाही. अशा वेळी अनेक राज्ये त्या कार्यालयाचे ‘क्रमांकास अपात्र’ असे पत्र स्वीकारतात.

जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये भारतीय परवाना थेट बदलून मिळत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष, अशा दोन्ही चाचण्या द्याव्या लागतात. सवलतीचे महिने संपण्याची वाट न पाहता पहिल्या दोन-तीन महिन्यांतच अर्ज केलेला बरा. शिवाय जर्मनी, अमेरिकेत वाहने उजवीकडून चालतात. हाताला ती सवय व्हायलाही वेळ लागतो.

तिकडे असताना मुदत संपली तर?

आंतरराष्ट्रीय परवाना संपल्यास भारतीय दूतावासामार्फत अर्ज करण्याची सोय २०२१ पासून आहे. अर्ज संबंधित आरटीओकडे येतो आणि परवाना परदेशातील पत्त्यावर कुरिअरने जातो. त्याचे शुल्क २ हजार रुपये आहे. मूळ लायसन्सचे नूतनीकरण मात्र निघण्यापूर्वीच करावे. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून ते करता येते. मुदत संपून एक वर्ष उलटले, तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

दुर्लक्ष केले तर काय?

दंड ही त्यातली लहान बाब. वैध परवाना नसताना अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते आणि समोरच्याच्या उपचाराचा खर्च चालकावर येऊ शकतो. शेती गहाण ठेवून किंवा शैक्षणिक कर्ज काढून मुलाला पाठवणाऱ्या कुटुंबासाठी तो बोजा झेपणारा नाही. शिवाय पोलिसांत झालेली नोंद पुढच्या व्हिसा अर्जाच्या वेळी विचारली जाऊ शकते.

मुला-मुलींकडे काही महिन्यांसाठी जाणाऱ्या आई-वडिलांनाही हेच लागू आहे. ‘जवळच तर जायचे आहे’ म्हणून स्टिअरिंग हाती घेण्याआधी त्या राज्याचा नियम आणि गाडीच्या विम्यात आपले नाव बसते का, हे मुलांकडून तपासून घ्यावे.

निघण्यापूर्वी हे तपासा

• लायसन्सवर कारचा प्रकार आहे का?
• मुदत परतीच्या तारखेपर्यंत आहे का?
• पासपोर्ट आणि लायसन्सवरील नाव जुळते का?
• आंतरराष्ट्रीय परवाना आणि मूळ लायसन्स, दोन्ही हातातील बॅगेत ठेवले का?
• त्या देशात भारतीय परवाना किती दिवस चालतो, हे तिथल्या सरकारी संकेतस्थळावर पाहिले का?