पडवी कुणाच्या हिशेबात?

मुंबई-गोवा महामार्गावर राजापूर, लांजा, पाली ओलांडताना आजूबाजूची नवी घरं नीट पाहावीत. खाली सपाट आरसीसी स्लॅब आणि त्याच्यावर लोखंडी खांबांवर उभी केलेली पत्र्याची शेड. एका घराला दोन छपरं, पहिलं गळतं म्हणून दुसरं! वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात सपाट छप्पर रुजलं कसं? लोकांना शहरासारखं घर हवं असतं, हे नेहमीचं उत्तर मला अपुरं वाटतं. मोठं कारण ठेकेदाराशी होणाऱ्या व्यवहारात आहे.

जुनं कोकणी घर जांभ्याचं. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, सहज तासता येतो; वारा-ऊन लागलं की टणक होतो. पण तो सच्छिद्र, पाणी पिणारा. म्हणून भिंतीच्या बाहेर दोन-अडीच फूट वळचण काढायची, पुढे पडवी ठेवायची. 1865 मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे किनारपट्टीवर मंगलोरी कौलं पसरली, तरी उतार आणि वळचण कायम राहिली.

आज घराचा ठेका चौरस फुटावर ठरतो, मजुरीवर असो की मालासकट. मोजमाप बहुधा स्लॅबच्या क्षेत्रफळाचं. त्यात वळचण धरत नाहीत; पडवी धरलीच तर अर्ध्या दराने. कौलारू छपराला आढं, वासे, रिपा बसवणारा चांगला सुतार लागतो, त्याचे दिवस मोडतात आणि त्या दिवसांना मोजपट्टी लागत नाही. स्लॅब मात्र एका दिवसात ओतून होतो आणि दुसऱ्या दिवशी हप्ता मागता येतो. छोट्या ठेकेदाराला बँक दारात उभं करत नाही. सिमेंट-सळई दुकानातून उधारीवर, मजुरांचा पगार आठवड्याला रोख. एका साइटचा स्लॅबचा हप्ता दुसऱ्या साइटचं जोतं उचलतो. अशा माणसाला सपाट छप्पर सोयीचं वाटलं, तर त्याला लोभी म्हणणं अन्याय आहे.

गळतीचं मूळही इथेच सापडतं. आयएस 456 या मानकानुसार 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू 7 दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे 14 दिवस ठेवायचे. साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान 7 दिवस पाणी मारायचं, मिश्र सिमेंट असेल तर 10. पण सेंटरिंगच्या प्लेटा भाड्याच्या असतात आणि भाडं रोज चढतं. पावसाआधी उरकायचं म्हणून स्लॅब पडतो मे महिन्यात, विहिरींनी तळ गाठलेला असतो तेव्हा. क्युरिंगचं पाणी आणायचं कुठून? काँक्रीट तडकतं, जूनमध्ये भिजतं आणि पुढच्या वर्षी पत्रेवाला येतो.

तिरुवनंतपुरममध्ये वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी ठेकेदाराला मध्ये घेतलंच नाही. गवंडी-सुतार स्वतः नेमले, काम चालू असताना नकाशे बदलले. स्लॅबच्या ज्या भागात काँक्रीट फारसं भार घेत नाही, तिथे त्यांनी जुनी कौलं भरली. काँक्रीट वाचलं, वजनही घटलं. प्रत्येक घराला असा वास्तुविशारद मिळणार नाही, पण व्यवहार बदलला की घर बदलतं, एवढं यातून दिसतं.

आपल्या जागेत आपल्यासाठी घर बांधणाऱ्याला रेराचं संरक्षण मिळत नाही. तो कायदा विक्रीच्या प्रकल्पांसाठी आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये ‘सेवे’च्या व्याख्येत घरबांधणी येते, पण तिथे जायचं तर हाती लेखी करार हवा. तो चौरस फुटाचा एकगठ्ठा न करता कामवार करावा, असं माझं ठाम मत आहे: जोतं, चिरेबंदी, छप्पर यांचे दर वेगळे, छप्पर उताराच्या अंगाने मोजलेलं, वळचण धावत्या फुटावर, सुताराची मजुरी स्वतंत्र. स्लॅब करायचाच असेल तर त्याच्या हप्त्याचा काही भाग क्युरिंग संपल्यावर द्यावा आणि शेवटचा हप्ता एक पावसाळा पार पडल्यावर. घरमालकानेही सिमेंट-सळईचे पैसे वेळेवर मोजावेत. तेच अडले तर ठेकेदार दुसऱ्या साइटवर जातो आणि टेकू आधी निघतात.