उन्हाच्या झळांपासून लेकरांना जपू या

पास्काचा सण आणि उन्हाची तलखी आपल्या बीड जिल्ह्यात मागेपुढेच येतात. कारखान्यांचा गळीत हंगाम संपतो, ऊसतोडणीला गेलेली कुटुंबे गावी परततात, शाळांना सुट्टी लागते आणि कित्येक महिने ओस पडलेली घरे लेकराबाळांनी पुन्हा भरून जातात. हा आनंदाचा काळ खरा. परंतु लेकरांच्या जिवाला सर्वाधिक जपण्याचाही हाच काळ होय.

२०१६ सालच्या एप्रिल महिन्यातील एक घटना आपण विसरता कामा नये. त्या वर्षी मराठवाड्यात भीषण दुष्काळ होता. शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्याच महिन्यात आपल्या जिल्ह्यातील एका खेड्यात १२ वर्षांची एक मुलगी भर उन्हात हातपंपावरून पाण्याच्या खेपा करीत होती. तापमान ४२ अंशांच्या घरात होते. खेपा करता करता ती कोसळली आणि तिचा अंत झाला. ती हट्टाने उन्हात हिंडत नव्हती. घरच्यांची तहान भागवीत होती.

मुलांना उन्हात खेळू देऊ नये, असे आपण दरवर्षी ऐकतो आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्या भागात मूल उन्हात सापडते ते पुष्कळदा कामामुळे. टँकर आला की रांगेत घागर लावायला, शेळ्या वळायला, शेतावर भाकरी पोहोचवायला आपणच त्याला पाठवलेले असते. म्हणून मुलांची काळजी घेण्याचा आरंभ मोठ्यांनी आपल्या दिनक्रमापासून करावयास हवा.

पवित्र शास्त्रात राजांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात शूनेमच्या स्त्रीची कथा आहे. तिचा लहान मुलगा सुगीच्या दिवसांत शेतात बापाकडे गेला, डोके दुखू लागल्याचे सांगू लागला आणि आईच्या मांडीवर दुपारी त्याने प्राण सोडला. त्याला ऊन बाधले असावे, असे अनेक भाष्यकार मानतात. अलीशा संदेष्ट्याच्या प्रार्थनेने तो मुलगा पुन्हा जिवंत झाला. आपणही प्रार्थना करू. परंतु डोके दुखते असे लेकरू सांगते, तेव्हा ते मनावर घेणे हे आपले कर्तव्य आहे.

मोठ्यांपेक्षा मुलांना उन्हाचा त्रास लवकर होतो. वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचे क्षेत्र अधिक असल्याने ती बाहेरची उष्णता लवकर शोषून घेतात आणि त्यांना घामही मोठ्यांपेक्षा कमी येतो. खेळाच्या किंवा कामाच्या नादात तहानेचे भानही राहत नाही. शिवाय हवामान खाते जे तापमान सांगते ते सावलीतील हवेचे असते. उघड्या माळावर, तापलेल्या जमिनीवर अनवाणी चालणाऱ्या मुलाला त्याहून कितीतरी अधिक धग सोसावी लागते.

यास्तव पाण्याच्या खेपा पहाटे किंवा दिवस कलल्यावर कराव्यात. दुपारी १२ ते ३ या वेळात तर मुलांना मुळीच बाहेर पाठवू नये. त्याच वेळी टँकर आला, तर घरातील मोठ्या माणसाने जावे. बाहेर जाणे अटळ असेल तेव्हा मुलाच्या अंगात सैल सुती कपडे, डोक्यावर ओला रुमाल किंवा टोपी आणि पायांत चप्पल असावी. खिशातला कांदा पाण्याची जागा घेऊ शकत नाही. निघण्यापूर्वी पोटभर पाणी पाजावे. ताक, कैरीचे पन्हे, लिंबाचे सरबत, भाताची पेज हे घरचे पदार्थ उत्तम. सहा महिन्यांच्या आतील बाळाला मात्र केवळ आईचे दूध अधिक वेळा द्यावे आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे. बाळाच्या झोळीवर जाड कापड टाकू नये, आत हवा कोंडते. पत्र्याचे घर दुपारी भट्टीसारखे तापते. पत्र्यावर कडबा किंवा ओली पोती पसरावीत, अथवा मुलांना झाडाच्या सावलीत बसवावे. उभ्या केलेल्या बंद वाहनात मुलाला क्षणभरही एकटे ठेवू नये.

काही घरांत उपवासाच्या दिवशी किंवा ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी मुलांना पाणी दिले जात नाही. हा गैरसमज आहे. ख्रिस्तसभेच्या नियमानुसार उपवासाचे बंधन वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्यांनाच आहे. ख्रिस्तप्रसादापूर्वीचा एक तासाचा उपवासही पाण्याने किंवा औषधाने मोडत नाही. म्हणून शुभ शुक्रवारी क्रूसाच्या वाटेवर चालणाऱ्या मुलाला पाणी देताना कोणीही संकोच करू नये.

डोकेदुखी, चक्कर, मळमळ, पायांत गोळे, लघवी कमी व गडद होणे ही पहिली लक्षणे होत. अशा वेळी मुलाला सावलीत निजवून घोट घोट जलसंजीवनी पाजावी. तिचे पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावे. परंतु अंग चटका बसेल इतके तापले, मूल असंबद्ध बोलू लागले, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, मानेवर व काखेत ओली फडकी ठेवावीत. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीने उष्माघात उतरत नाही. तिच्यावर विसंबून वेळ दवडू नये.

लहानग्यांपैकी एकाला प्यालाभर थंड पाणी देणाराही आपल्या प्रतिफळाला मुकणार नाही, असे प्रभू येशूने सांगितले आहे. प्रत्येक धर्मग्रामात मंदिराच्या दाराशी एक माठ भरून ठेवता येईल. ज्या घरी आजी-आजोबा एकटेच नातवंडांना सांभाळतात, त्यांच्या पाण्याच्या दोन खेपा तरुण मंडळींना वाटून घेता येतील. या उन्हाळ्यात आपल्या वस्तीतील एकाही लेकराला दुपारच्या उन्हात घागर उचलावी लागू नये, एवढा संकल्प आपण सारे मिळून करू या.