आंब्याच्या पिकअपची स्टेपनी : हंगामाआधी तपासा, नीट बांधा

काढणी, प्रतवारी आणि पॅकिंगबद्दल बागायतदारांशी दरवर्षी बोलणे होते. वाहनाचा विषय मात्र बहुतेक वेळा सल्ल्यातून सुटतो. हर्णे परिसरातील हापूस आता बहुधा पिकअपमधूनच बाजारात जातो. आधी कातळावरचा कच्चा रस्ता, मग दापोली-खेडमार्गे महामार्ग आणि सुमारे 200 किलोमीटरनंतर वाशीचा बाजार. या वाटेत टायर गेला आणि स्टेपनी कामाची निघाली नाही, तर टायरपेक्षा मालाचे नुकसान मोठे असते.

काही हंगामांपूर्वी अशाच एका गाडीत मी स्वतः होतो. रात्री मागचा टायर बसला. स्टेपनी चासीखाली होती, पण साखळी गंजून अडकल्यामुळे ती उतरेना. शेवटी सुटली, तर तिच्यात हवाच नव्हती. गाडी दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत रस्त्याकडेला उभी राहिली. उन्हाच्या बाजूच्या पेट्यांतील फळे आधी पिकली आणि सगळ्या मालाचा भाव उतरला. स्टेपनी गाडीला होती, पण ती वापरता आली नाही.

उभ्या गाडीत आंब्याचे काय होते?

लांबच्या बाजारासाठी आपण चौदा आणे तयार फळ काढतो. काढल्यानंतरही फळाचा श्वासोच्छ्वास चालू असतो आणि त्यातून उष्णता बाहेर पडते. गाडी चालू असताना वाऱ्याने ती निघून जाते. गाडी उन्हात उभी राहिली की ताडपत्रीखाली ती कोंडते. मग फळे लवकर आणि असमान पिकतात, देठाजवळची कूज वाढते. म्हणूनच वाहतूक रात्री करावी असे आपण सांगतो. रात्री निघालेली गाडी सकाळी वाटेतच अडकली, तर त्या काळजीचा उपयोग राहत नाही.

आपल्या भागात टायर का जातात?

- जांभ्याच्या कडा : कातळावरच्या रस्त्यात जांभ्याच्या धारदार कडा वर आलेल्या असतात. त्या टायरच्या बाजूच्या भिंतीला चिरतात. बाजूची चीर पंक्चर किटने दुरुस्त होत नाही, टायरच बदलावा लागतो.
- जादा भार आणि कमी हवा : कमी हवेचा टायर भाराखाली जास्त दबतो, तापतो आणि महामार्गावर वेग घेतल्यावर फुटू शकतो.
- वाळू : किनाऱ्यावर रुतू नये म्हणून काही चालक हवा कमी करतात. डांबरी रस्त्यावर येताच ती पुन्हा भरावी.
- खारट पाणी : हर्णे बंदरावर मासळी भरणाऱ्या गाड्यांच्या हौद्यातून मिठाचे आणि बर्फाचे पाणी खाली गळते. त्याने स्टेपनीची साखळी, डिस्क आणि नट गंजतात. तीच गाडी एप्रिल-मे महिन्यांत आंब्याला लावली जाते.

स्टेपनी कुठे ठेवावी?

चासीखाली : वजन खाली राहते आणि हौद्यातली जागा वाचते. पण चिखल व खारे पाणी लागते आणि खडबडीत रस्त्यावर स्टेपनी दगडाला घासू शकते. शिवाय मागचा टायर बसला की भरलेली गाडी खाली येते आणि स्टेपनी ओढून काढायला जागा उरत नाही.

हौद्यात, केबिनच्या मागे : कच्च्या रस्त्यावरच्या गाडीसाठी ही जागा सोयीची. स्टेपनी उभी ठेवून पट्ट्याने लोखंडी जाळीला दोन ठिकाणी घट्ट बांधावी. पेट्या आणि टायर यांच्यामध्ये प्लायवूडची फळी लावावी. पेट्या न उतरवता स्टेपनी काढता आली पाहिजे, याचा विचार माल भरतानाच करावा.

टपावर : घाटातल्या वळणावर वरचे वजन गाडीला झुकवते, शिवाय रात्री एकट्याने उतरवणेही धोक्याचे. शक्यतो टाळावे. पेट्यांवर आडवी टाकलेली स्टेपनी तर कधीच नको. प्रत्येक खड्ड्यात ती खालचा आंबा दाबते.

एक की दोन?

डिस्कसह एका टायरचे वजन साधारण 25 ते 30 किलो धरा. पाच डझनाच्या पेटीत 250 ग्रॅमची फळे असतील, तर नुसता आंबाच 15 किलो होतो. म्हणजे दुसऱ्या स्टेपनीचे वजन दोन पेट्यांहून जास्त नाही. बागेचा रस्ता कातळाचा असेल आणि रात्रीचा लांबचा प्रवास असेल, तर दुसरी स्टेपनी परवडते. मात्र तिचे वजन गाडीच्या मंजूर भारात धरावे. डांबरी रस्त्यावर जवळच जायचे असेल, तर एक चांगली स्टेपनी पुरते.

2020 मध्ये नियमांत झालेल्या बदलाने टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि ट्यूबलेस टायरचे दुरुस्ती किट असलेल्या छोट्या प्रवासी वाहनांना स्टेपनीतून सूट मिळाली. मालवाहू पिकअपने त्यावर विसंबू नये.

हंगामाआधीची तपासणी

1. स्टेपनी एकदा खरोखर उतरवून पाहावी. साखळी व स्क्रू धुऊन ग्रीस लावावे.
2. भरलेल्या गाडीच्या मागच्या चाकाला जेवढी हवा सांगितली आहे, तेवढी स्टेपनीत ठेवावी. रस्त्यात हवा कमी करता येते, भरता येत नाही. दर पंधरवड्याला तपासावी.
3. टायरवरचा चार आकडी शिक्का पाहावा. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. न वापरलेले रबरही कालांतराने कडक होऊन तडकते.
4. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरवर आली असेल, तर टायर बदलावा.
5. स्टेपनी बाकीच्या चाकांच्याच मापाची असावी. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत वेगळ्या मापाचे चाक गिअरच्या यंत्रणेवर ताण आणते.
6. भरलेली गाडी उचलणारा जॅक, पाना, जाड लाकडी फळी आणि बॅटरी एकाच पिशवीत ठेवावी.

टायर बदलताना

गाडी सपाट जागी, रस्त्याच्या बाहेर घ्यावी. हँडब्रेक ओढून, गिअरमध्ये ठेवून, दुसऱ्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून दगड लावावेत. नट चाक जमिनीवर असतानाच सैल करावेत. तांबड्या मातीत किंवा वाळूत जॅकखाली फळी घालावी. जांभ्याचा चिरा घालू नये, भाराखाली तो तुटतो आणि गाडी घसरते. उचललेल्या गाडीखाली हात-पाय घालू नयेत. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत आणि सुमारे 50 किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

थांबायची वेळ आलीच, तर गाडी सावलीत घ्यावी, ताडपत्रीच्या बाजू वर कराव्यात आणि बाजारातल्या अडत्याला लगेच कळवावे. उतरलेला टायर घरी पोचल्यावर त्याच आठवड्यात दुरुस्त करावा. नाहीतर पुढच्या खेपेला गाडीला स्टेपनीच नसेल.

कृषी सहायकांनी मार्चमधील काढणीपूर्व बैठकीत झेल्याबरोबर स्टेपनीही दाखवायला सांगावी. ती उतरवून पाहायला दहा मिनिटे लागतात.