१२० मजूर आणि एक विहीर

'१० मजूर एक विहीर १२ दिवसांत खणतात, तर तीच विहीर २० मजूर किती दिवसांत खणतील?' असे उदाहरण आपण वर्गात घालतो. मुले व्यस्त प्रमाण लावून '६ दिवस' असे उत्तर काढतात आणि आपण पूर्ण गुण देतो. एखादी चौकस मुलगी मात्र विचारते, '१२० मजूर लावले तर?' रीतीने उत्तर येते, एक दिवस. पण १२० माणसे त्या विहिरीत उभी तरी कुठे राहणार?

मुलीची शंका थट्टेवारी नेण्यासारखी नाही. व्यस्त प्रमाणाच्या रीतीत एक गृहीत दडलेले आहे: कामाचे हवे तितके तुकडे पाडता येतात आणि ते करणाऱ्यांना एकमेकांशी काही बोलावे लागत नाही. शेतातला कापूस वेचताना हे बरेचसे खरे असते. दुधाला विरजण लावले की मात्र दही व्हायला रात्र जावी लागते, भोवती दहा माणसे बसवली तरी. यांखेरीज तिसऱ्या प्रकारचीही कामे असतात. त्यांचे तुकडे पडतात, पण प्रत्येक तुकड्याचा दुसऱ्या तुकड्यांशी मेळ बसावा लागतो. नाटक बसवणे हे असे काम आहे. संगणकासाठी आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, लिहिणे हेही असेच काम आहे.

उशीर झाला म्हणून माणसे वाढवली

१९६४ च्या एप्रिल महिन्यात आयबीएम या अमेरिकन कंपनीने 'सिस्टिम ३६०' ही संगणकांची मालिका जाहीर केली. तिच्यासाठी 'ओएस ३६०' नावाची मोठी कार्यप्रणाली लिहिली जात होती. काम रेंगाळले तशी माणसे वाढली. ऐन भरात हजाराहून अधिक लोक या कामावर होते. १९६३ ते १९६६ या काळात सुमारे ५,००० मनुष्य-वर्षे, म्हणजे ५,००० माणसांनी वर्षभर करावे इतके काम, त्यात खर्ची पडले. तरीही प्रणाली उशिरा आली आणि अंदाजापेक्षा कितीतरी महाग पडली.

या कामाची धुरा काही काळ सांभाळणारे फ्रेड ब्रुक्स पुढे विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात त्यांनी या अनुभवाचे विश्लेषण केले. त्यांचा निष्कर्ष 'ब्रुक्सचा नियम' म्हणून प्रसिद्ध आहे: आधीच उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे नेमली, तर ते आणखी लांबते. नव्या माणसांना काम समजावण्यात जुन्यांचा वेळ जातो, कामाची वाटणी पुन्हा करावी लागते आणि परस्परांशी बोलण्याचा व्याप वाढतो. यातले तिसरे कारण आपण आकड्यांत मांडून पाहू या.

फळ्यावर करण्याजोगे गणित

५ माणसांच्या गटात किती जोड्या होतील? प्रत्येक जण उरलेल्या ४ जणांशी बोलेल. ५ गुणिले ४ म्हणजे २०. पण यात प्रत्येक जोडी दोनदा मोजली गेली, म्हणून २ ने भागायचे. उत्तर १० जोड्या. याच रीतीने १० माणसांत ४५, २० माणसांत १९० आणि ५० माणसांत १,२२५ जोड्या होतात. माणसे दहापट झाली, पण जोड्या शंभरपटीहूनही जास्त झाल्या!

आता समजा, आठवड्यात कामाचे ४० तास आहेत आणि मेळ राखण्यासाठी प्रत्येक जोडीला आठवड्यातून फक्त अर्धा तास बोलावे लागते. प्रत्यक्ष कामासाठी किती तास उरतील?

५ माणसे: प्रत्येकाचे २ तास बोलण्यात जातात, ३८ उरतात. एकूण १९० तास.
२० माणसे: प्रत्येकाचे साडेनऊ तास जातात. एकूण ६१० तास.
४० माणसे: प्रत्येकाचे साडेएकोणीस तास जातात. एकूण ८२० तास.
६० माणसे: प्रत्येकाचे साडेएकोणतीस तास जातात. एकूण ६३० तास.
८० माणसे: प्रत्येकाचे साडेएकोणचाळीस तास जातात. एकूण ४० तास!

८० माणसे मिळून एका माणसाच्या आठवड्याइतकेच काम करतात. माणसांची संख्या आडव्या अक्षावर आणि कामाचे तास उभ्या अक्षावर घेऊन मुलांकडून आलेख काढून घ्यावा. तो वर चढतो, ४० च्या आसपास माथा गाठतो आणि तितक्याच वेगाने खाली उतरतो. अर्धा तास हा आकडा आपण सोयीसाठी धरला; तो बदलला तर माथा सरकेल, पण आलेखाचा घाट तोच राहील.

यावर उपाय काय? त्याच ४० माणसांचे ५-५ जणांचे ८ गट करा. प्रत्येक गटात १० जोड्या, म्हणजे ८० जोड्या. गटागटांत बोलायला प्रत्येकी एक प्रतिनिधी धरला, तर आणखी २८. एकूण १०८. सलग ४० जणांच्या ७८० जोड्या झाल्या असत्या. अर्थात हे जमायला कामाचेच असे भाग पाडावे लागतात, की एका भागातला बदल दुसऱ्या भागाला सहसा जाणवू नये. वाटणी चुकली, तर गट कितीही छोटे केले तरी सगळ्यांना सगळ्यांशी बोलावेच लागते.

दोरी कोण ओढतो?

बोलण्याचा प्रश्न नसतानाही मोठ्या गटात काहीतरी हरवते. फ्रान्समधील कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमान यांनी माणसांना एकेकटे आणि गटाने दोरी ओढायला लावून बल मोजले. हे काम १९१३ साली प्रसिद्ध झाले. एकट्याचे बल १ मानले, तर ८ जणांच्या गटात दर माणशी बल जेमतेम ०.४९ भरले. म्हणजे आठ जणांनी मिळून चार जणांइतकेही ओढले नाही.

सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत, हे एक कारण. पण तेवढेच नव्हते. १९७४ साली ॲलन इंगहॅम आणि सहकाऱ्यांनी डोळे बांधलेल्या माणसाला भासवले की मागे आणखी लोक ओढत आहेत. प्रत्यक्षात तो एकटाच ओढत होता, तरीही त्याचा जोर कमी झाला. आपला वाटा वेगळा दिसणार नाही असे वाटले, की हात सैल पडतो. बारा मुलांच्या प्रकल्पात दोघी राबतात आणि दहा जण भोवती उभे राहतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. दर वेळी तो मुलांचा आळस असतो असे नाही. पुष्कळदा गटच चुकीच्या आकाराचा केलेला असतो.

छोटी पावले

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञ जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा लिहिला. त्यातून 'ॲजाइल', म्हणजे चपळ, हे नाव रूढ झाले. आपले अनेक माजी विद्यार्थी पुण्यातल्या किंवा परदेशातल्या कंपन्यांत याच पद्धतीने काम करतात. तिचा 'स्क्रम' नावाचा एक प्रकार विशेष प्रचलित आहे. रग्बीच्या खेळातून आलेला हा शब्द हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी १९८६ च्या एका लेखात कामाच्या गटांसाठी वापरला होता. स्क्रममध्ये गट साधारण दहा जणांपर्यंतचा असतो. काम एक महिन्याच्या किंवा त्याहून छोट्या टप्प्यांत करतात. रोज जास्तीत जास्त १५ मिनिटे एकत्र येऊन पुढचे काम ठरवतात. टप्प्याच्या शेवटी चालणारी वस्तू लोकांना दाखवतात आणि 'आपण काम कसे केले, पुढच्या वेळी काय बदलू?' याची चर्चा करतात.

छोट्या टप्प्यांचा फायदा काय? समजा, आपण १ किलोमीटर दूरच्या झाडाकडे निघालो आणि दिशा फक्त ५ अंशांनी चुकली. मान खाली घालून किलोमीटरभर चाललो, तर झाडापासून सुमारे ८७ मीटर बाजूला पोचू. दर ५० मीटरवर मान वर करून दिशा सुधारली, तर एका टप्प्यात साडेचार मीटरहून कमी चूक होते आणि ती पुढच्याच टप्प्यात भरून निघते. चालण्याचे कौशल्य तेच आहे, फक्त पाहण्याची वारंवारता वाढली. वार्षिक परीक्षेत मूल नापास झाल्यावर त्याला अपूर्णांक येत नव्हते हे कळून उपयोग काय? घटक चाचणीत कळले, तर काही करता येते.

चूक सांगण्याची मुभा

पण मान वर करून पाहिले आणि दिशा चुकल्याचे कोणी बोललेच नाही, तर? सर्वांत नाजूक भाग हाच आहे. एमी एडमंडसन या संशोधिकेने रुग्णालयांतील गटांचा अभ्यास करून १९९६ साली तो प्रसिद्ध केला. चांगल्या गटांत औषधे देताना कमी चुका होत असतील अशी तिची अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले: चांगल्या गटांत चुकांची नोंद जास्त होती! अधिक शोध घेतल्यावर उलगडा झाला, की तिथे लोक चुका मोकळेपणाने सांगत होते. जिथे बोलणी खावी लागत, तिथे त्या झाकल्या जात. झाकलेली चूक दुरुस्त होत नाही आणि तिची किंमत रुग्ण मोजतो. पुढे गूगल कंपनीने आपल्या १८० गटांची पाहणी केली. गटात कोण आहे यापेक्षा ते एकमेकांशी कसे वागतात याला अधिक महत्त्व असल्याचे तिला आढळले, आणि न घाबरता बोलता येणे ही त्यातली पहिली गोष्ट ठरली.

म्हणून 'चपळ' हे नाव दिले म्हणजे गट चपळ होतो असे नाही. रोजची १५ मिनिटे वरिष्ठांनी हजेरी आणि झाडाझडतीसाठी वापरली, तर माणसे 'सगळे ठीक चालले आहे' एवढेच सांगू लागतात. मग टप्पे छोटे असूनही दिशा चुकीचीच राहते.

वर्गात हे करून पाहता येईल. पुढच्या प्रकल्पासाठी ४-५ मुलांचे गट करा आणि प्रत्येकाचा वाटा वेगळा दिसेल असे पाहा. महिन्याअखेरीऐवजी दर शनिवारी जे तयार असेल ते, अर्धवट का होईना, मांडायला सांगा. 'काय अडले?' हा प्रश्न आधी विचारा आणि अडले म्हणून गुण कापू नका. पहिल्या शनिवारी बहुधा कोणी तोंड उघडणार नाही. 'आमचे चुकले, वजन करताना भांड्याचे वजन वजाच केले नाही,' असे एखाद्या गटाने आपणहून सांगितले आणि कोणी हसले नाही, की समजावे, गट कामाला लागला.